वानुआतूला ग्रुपने जायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची चिपळूणची, गेली बरीच वर्षं ब्रिस्बेनला. इथून वानुआतू विमानाने जेमतेम तीन तास. पहिल्यांदा सहज म्हणून गेले आणि मग जातच राहिले, आता वर्षातून एकदा आठ-दहा मराठी माणसांचा छोटा ग्रुप घेऊन जाते, तिथला स्थानिक गाईड आणि आम्ही. दर वेळी फोनवर तेच प्रश्न येतात आणि दर वेळी मी तासभर बोलते, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू.

वानुआतू नेमकं आहे कुठे, आणि केवढं?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, फिजीच्या पश्चिमेला, दक्षिण पॅसिफिकमध्ये. ८३ बेटं मोजतात, सगळ्यांवर वस्ती नाही. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होते त्यापेक्षा थोडी कमीच, पण ही बेटं उत्तर-दक्षिण जवळजवळ १३०० किलोमीटर पसरलीयत. म्हणजे जमीन मूठभर आणि मधे समुद्रच समुद्र, ट्रिपचं सगळं गणित या एका गोष्टीवर बसतं. लोकसंख्या ३ लाखांच्या आसपास, आणि एवढ्या लोकांत शंभरहून जास्त भाषा. १९०६ पासून इंग्रज आणि फ्रेंच दोघं मिळून राज्य करत होते, दोघांचे पोलीस वेगळे, तुरुंग वेगळे, शाळा वेगळ्या. तेव्हा नाव होतं न्यू हेब्रिडीज. ३० जुलै १९८० ला स्वातंत्र्य मिळालं. घड्याळ भारतापेक्षा साडेपाच तास पुढे.

किती दिवस काढावे, आणि किती बेटं होतील?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते. लोक मला यादी पाठवतात, टान्ना, सांतो, पेंटेकॉस्ट, अॅम्ब्रिम, मालेकुला, आणि हे सगळं सात दिवसांत. नाही होत हो. बेटांमधली विमानं छोटी असतात, पंधरा-वीस जणांची, बऱ्याच धावपट्ट्या गवताच्या, पाऊस झाला की विमान उतरत नाही, विमानाचा एखादा पार्ट यायचा असला की दोन दिवस काहीच उडत नाही. राष्ट्रीय विमान कंपनी एअर वानुआतू मे २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सगळी विमानं एका दिवसात थांबली, नंतर हळूहळू परत सुरू झाली, पण फेऱ्या आधीसारख्याच असतील असं धरून चालू नका.

माझ्या दुसऱ्या ट्रिपला मी पोर्ट व्हिला आणि सांतो आधी ठेवलं होतं आणि टान्नाचा ज्वालामुखी शेवटी, म्हटलं शेवट दणक्यात होईल. टान्नाचं विमान दोन दिवस उडालंच नाही. तिसऱ्या दिवशी आमची परतीची फ्लाईट. ग्रुपमधले एक काका फक्त त्या ज्वालामुखीसाठी आले होते, पासष्टीचे, परत येणं होणार नव्हतं. एअरपोर्टच्या बाकावर बसून ते मला म्हणाले, जाऊ दे गं, तू काय करणार. मला ते आजही लागतं, कारण मी करू शकले असते, क्रम उलटा लावला असता तर.

तेव्हापासून नियम केलाय: लांबचं बेट आधी, राजधानी शेवटी. १० दिवस असतील तर दोन बेटं आणि एफाटे, म्हणजे जिथे राजधानी पोर्ट व्हिला आहे ते. टान्ना तीन रात्री, सांतो तीन रात्री, उरलेले व्हिलात, त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा, त्या दिवशी कसलंही बुकिंग नाही. मोकळा दिवस वाया जात नाही, पण तो नसला तर अख्खी ट्रिप वाया जाऊ शकते. सात दिवसच असतील तर फक्त टान्ना आणि व्हिला करा.

भारतातून कसं जायचं? व्हिसा?

थेट काही नाही. भारतीय पासपोर्टवर वानुआतूला टुरिस्ट म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि सहा महिने व्हॅलिड पासपोर्ट लागतो. पण नियम बदलतात, तिकीट काढायच्या आधी त्यांच्या इमिग्रेशनला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि प्रिंट बॅगेत ठेवा, कारण मुंबईच्या चेक-इन काउंटरवर वानुआतूचा प्रवासी रोज येत नाही आणि तिथेच वेळ जातो.

खरी अडचण मधल्या थांब्याची. ऑस्ट्रेलियातून जायचं तर विमान बदलण्यापुरतं थांबलात तरी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो फुकट असतो आणि ७२ तासांपर्यंत चालतो, पण अर्ज आधी करावा लागतो. दुसरा मार्ग सिंगापूर किंवा हाँगकाँगहून फिजीचं नाडी आणि तिथून पोर्ट व्हिला. फिजीला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवते. एक रात्र नाडीत काढा, देवळात जाऊन या. गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, करून ऊसमळ्यांवर नेलेल्या आपल्या माणसांची नातवंडं-पणतवंडं तिथे फिजी हिंदीत बोलताना ऐकली की गलबलून येतं.

कधी जावं?

मे ते ऑक्टोबर. कोरडं, जरा गार, संध्याकाळी टान्नाला चक्क स्वेटर लागतो. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन. दिवाळीची सुट्टी बऱ्याचदा या सीझनच्या तोंडावरच येते, मे महिन्याची सुट्टी मात्र अगदी फिट बसते. ३० जुलैच्या आसपास गेलात तर स्वातंत्र्यदिनाचा जल्लोष बघायला मिळतो, फक्त राहायची जागा खूप आधी बुक करा.

आम्ही आपले आपण फिरू शकतो की, गाईड खरंच लागतो का?

पोर्ट व्हिला आणि सांतोवरचं लुगनविल या दोन गावांत नाही लागत. बाकी सगळीकडे लागतो, आणि कारण रस्ता सापडत नाही हे नाही. कारण जमीन. वानुआतूच्या राज्यघटनेतच लिहिलंय की सगळी जमीन ही परंपरेने तिथल्या मूळ मालकांची आणि त्यांच्या वंशजांची. गोऱ्यांनी घेतलेली जमीन स्वातंत्र्यानंतर अशी परत त्यांच्याकडे आली. त्यामुळे तुम्हाला जो 'मोकळा बीच' दिसतो तो कुणाचातरी आहे. तो धबधबा, ती गुहा, वडाखालची जागासुद्धा. कुठे जायचं तर त्या गावाच्या चीफला विचारायचं, ठरलेली फी द्यायची, आणि काही जागा 'ताबू' असतात तिथे जायचंच नाही. हे सगळं मिळून ते 'कास्टम' म्हणतात, म्हणजे आपल्याकडे गावची रीत म्हणतो ना, तसं, पण त्याहून कितीतरी घट्ट. आपण कोकणात कुणाच्या देवराईत न विचारता लाकूड तोडू का? तेच इथे.

गाईड तुमच्या वतीने बोलतो, कुणाला आधी भेटायचं, कुठे थांबायचं, कुठे कॅमेरा खाली ठेवायचा हे त्याला माहीत असतं. आणि प्रत्येक बेटाचा गाईड त्याच बेटाचा घ्या, ही माझी अगदी कळकळीची विनंती. व्हिलाहून नेलेल्या माणसाला टान्नाच्या गावात आपल्यासारखंच पाहुणं समजतात, त्याची भाषाही वेगळी असते.

बुकिंग करताना विचारा: गाईड कुठल्या गावचा? फीमध्ये गावाची फी धरलीय का? विमान रद्द झालं तर त्या रात्रीच्या राहण्याचं काय? या तिन्हीची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरा बघा. मी स्वतः राहायला मोठं रिसॉर्ट न घेता गावातल्या कुटुंबाचे बंगलो घेते, बांबूच्या भिंती, सोलरचा एक दिवा, थंड पाण्याची आंघोळ. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आधीच सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तसं हॉटेल शोधता येतं.

ज्वालामुखी अगदी जवळून बघता येतो हे खरं आहे का? भीती नाही वाटत?

खरं आहे. टान्नावरचा माउंट यासूर, उंची ३६१ मीटर फक्त, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या गडांपुढे टेकडीच. गाडी जवळजवळ पार वरपर्यंत जाते, मग दहा-पंधरा मिनिटं चढ. १७७४ मध्ये कॅप्टन कुक इथून जात होता तो याच डोंगराचा उजेड बघून किनाऱ्याला आला असं सांगतात, आणि तेव्हापासून आजपर्यंत तो धुमसतोच आहे. कुकने नांगर टाकला त्या खाडीला त्याच्या जहाजावरून पोर्ट रेझोल्युशन नाव आहे, तिथेही नेतो आम्ही.

गाडी आधी राखेच्या मैदानातून जाते, काळंकरडं, झाड नाही की गवत नाही, आणि मागे वळून बघितलं तर हिरवंगार जंगल. संध्याकाळी उजेड असतानाच वर पोचायचं आणि अंधार पडेपर्यंत थांबायचं, कारण दिवसा धूर दिसतो आणि रात्री आग. पहिला स्फोट डोळ्यांच्या आधी छातीत कळतो, धप्पकन, जसं ढोलताशा पथकात मोठ्या ढोलाशेजारी उभं राहिल्यावर वाटतं तसं, पण पायाखालून. मग लाल दगड वर उडतात, अगदी सावकाश वाटतात वर जाताना, आणि परत आत पडतात. आमच्यातल्या बडबड्या माणसांचाही आवाज बंद होतो. मी सहा वेळा गेलेय आणि सहाही वेळा माझे हात गार पडले.

आता भीतीचं. भीती वाटायलाच हवी. १९९५ मध्ये इथे उडालेल्या दगडाने माणसं गेली आहेत. सरकारी हवामान आणि भूगर्भ खातं प्रत्येक ज्वालामुखीची ० ते ५ अशी लेव्हल जाहीर करतं, ती आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी बघायचीच. लेव्हलप्रमाणे कडेच्या कुठल्या भागात उभं राहायचं ते तिथले गाईड ठरवतात, वाढली तर वर सोडतच नाहीत, आणि मग कितीही पैसे भरलेले असोत, हुज्जत घालायची नाही. दगड आपल्या बाजूला आला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, वर बघत राहायचं, तो कुठे पडतोय ते कळलं की बाजूला व्हायचं, हे ते आधीच शिकवतात. बंद बूट, टॉर्च, मास्क आणि डोळ्यांना गॉगल न्या, राख डोळ्यात जाते, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी चष्माच घाला. दमा असेल तर मला आधी सांगा.

पेंटेकॉस्टची ती वेलींनी पाय बांधून मारायची उडी बघायला मिळेल का?

एप्रिल ते जूनमध्ये आलात तरच, आणि बहुतेक शनिवारी. त्याला नागोल म्हणतात. वीस-तीस मीटरचा लाकडी मनोरा, घोट्यांना वेली बांधायच्या आणि उडी, खांदे जमिनीला जेमतेम घासले पाहिजेत, म्हणजे कोनफळाचं पीक चांगलं येतं अशी श्रद्धा. हाच काळ का, तर वेली तेव्हा पुरेशा ओल्या आणि लवचीक असतात, नंतर वाळून तुटतात. १९७४ मध्ये इंग्लंडच्या राणीला दाखवायचं म्हणून अवेळी, फेब्रुवारीत उड्या मारायला लावल्या आणि त्यात एक माणूस गेला. त्यामुळे कुणी "स्पेशल शो अरेंज करतो" म्हणालं तर नको म्हणा. हा सण आहे त्यांचा. बायकांनी मनोऱ्याजवळ जायचं नसतं, लांबून बघायचं, आणि व्हिडिओची फी वेगळी असते ती आधी विचारून घ्या.

अॅम्ब्रिमचे लाव्हाचे तलाव?

जुन्या फोटोंत दिसतात ते २०१८ च्या डिसेंबरमध्ये आटले. ते बघायला म्हणून जाऊ नका. अॅम्ब्रिमला जायचं तर रोम नावाचा मुखवटे घालून करायचा नाच आणि झाडाच्या खोडातून कोरलेले उभे ढोल यांच्यासाठी, आणि वेळ भरपूर हवा.

सांतोला काय आहे? आम्हाला पोहता येत नाही.

पोहता येत नसलं तरी ब्लू होल बघाच. जमिनीखालून येणारं गोडं पाणी चुनखडकातून गाळून वर येतं आणि असा निळा रंग दिसतो की फोटो काढला तर लोक विचारतात फिल्टर लावलाय का. मातेवुलू, रिरी, नांदा अशी नावं आहेत. लाइफ जॅकेट घालून होडीतून नदीने जंगलातून हळूहळू तिथे पोचायचं. शॅम्पेन बीच पण याच बेटावर, एखाद्या दिवशी क्रूझ येते आणि हजारभर माणसं उतरतात, तेव्हा जहाजांचं वेळापत्रक बघून दिवस ठरवतो.

दुसऱ्या महायुद्धात सांतो हा अमेरिकेचा प्रचंड मोठा तळ होता. प्रेसिडेंट कूलिज नावाचं आलिशान प्रवासी जहाज सैनिक घेऊन येताना २६ ऑक्टोबर १९४२ ला आपल्याच सुरुंगांवर आदळलं आणि बुडालं, पाच हजारांवर माणसं वाचली, दोघं गेले. आज जगभरचे डायव्हर ते बघायला येतात, पण ते सर्टिफिकेट असलेल्यांनीच. बाकीच्यांनी मिलियन डॉलर पॉइंटला ओहोटीला जा. युद्ध संपल्यावर ट्रक, जीप, बुलडोझर इंग्रज-फ्रेंचांनी विकत घेतले नाहीत म्हणून अमेरिकनांनी सगळे समुद्रात ढकलून दिले, ते गंजलेले सांगाडे अजून किनाऱ्यावर दिसतात. आमचा तिथला गाईड सांगतो की त्याचे आजोबा काठावर उभे राहून ते बघत होते, ज्यांच्या बेटावर एकही गाडी नव्हती ते. मला त्या जागी फार वेळ उभं राहवत नाही.

मिलेनियम केव्ह विचारतात बरेच जण. दिवसभराचा ट्रेक आहे, शिड्या, अंधारी गुहा, मग नदीतून तरंगत यायचं. गुडघे धड असतील आणि पाण्याची भीती नसेल तरच.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही, उलट घरच्यासारखं वाटेल! तिथलं मुख्य खाणं म्हणजे कोनफळ, अळूचे कंद, रताळी, कच्ची केळी, नीरफणस, आपण साबुदाणा करतो तो कंद, आणि सगळ्याला नारळाचं दूध. कोकणातल्या माणसाला यातलं काय अनोळखी आहे सांगा? लापलाप हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ, कंद किंवा केळी किसून नारळाच्या दुधात कालवायची, मोठ्या पानांत गुंडाळायची आणि तापलेल्या दगडांत पुरून भाजायची. पहिल्यांदा ती पानं उघडली आणि वास आला तेव्हा मला रायगडातली पोपटी आठवली, तोच धूर, तीच भाजलेल्या पानांची चव. सिंबोरो म्हणून एक असतं, किसलेला कंद भाजीच्या पानात गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवतात, दिसायला आपल्या अळूवडीची उंडी. आणि ती पालेभाजी, तिथे आयलंड कॅबेज म्हणतात पण कोबीशी संबंध नाही, ती भेंडीच्या कुळातली आहे म्हणून शिजवली की तशीच बुळबुळीत होते.

फक्त एक, लापलापवर बहुतेक वेळा कोंबडी, मासा नाहीतर वटवाघूळ ठेवलेलं असतं. "मांस नको" एवढं सांगून चालत नाही, कारण चिकन वेगळं आणि मासा वेगळा समजतात. आम्ही गावाला दोन दिवस आधी निरोप देतो, मग आपल्यासाठी वेगळं पुडकं बांधतात. जैनांना कंदांमुळे खरंच कठीण आहे, त्यांना मी भात, फळं, नारळ, भाज्या आणि घरून आणलेलं असं धरून चला म्हणते.

मासे खाणाऱ्यांनी प्रवाळातला मोठा मासा खाताना स्थानिक माणसाला विचारा, काही ठिकाणच्या माशांत विष साठलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही.

कावा म्हणजे दारू का? प्यावा का?

दारू नाही. एका झाडाचं मूळ कुटून पाण्यात पिळून काढतात. हे झाड मिरी आणि नागवेलीच्या कुळातलं, त्यामुळे प्यायल्यावर जीभ-ओठ बधिर झाले की पानाची आठवण येते. चवीला मातीसारखं. संध्याकाळी नाकामालमध्ये, म्हणजे कावा प्यायच्या जागी, लोक करवंटी एका दमात रिकामी करतात आणि मग हळू आवाजात बोलत किंवा गप्प बसून राहतात. आपल्याकडे संध्याकाळी पारावर म्हातारी माणसं बसायची ना, तशी शांतता. त्यात मोठ्याने बोलू नका, फ्लॅश मारू नका. अर्धी करवंटी पुरे. त्यावर दारू घ्यायची नाही, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची औषधं असतील तर अजिबात नको.

टान्नाच्या गावांत पुरुष कावा पीत असताना बायकांनी नाकामालकडे जायचं नसतं. मला पहिल्या वेळी वाईट वाटलं होतं. मग तिथल्या बायकांनी मला चुलीपाशी बसवलं, गवताचे घागरे दाखवले, माझ्या मुलीचं नाव विचारलं, आणि ती संध्याकाळ माझ्या सगळ्या ट्रिप्समधली सगळ्यात सुंदर संध्याकाळ ठरली. व्हिलात मात्र बायका नाकामालमध्ये जातात, तिथे काही अडत नाही.

पैसे कसे न्यावे? महाग आहे का?

चलन वातू, एक वातू म्हणजे साधारण ७० पैसे. थायलंड-बालीच्या मानाने महाग, कारण कंदमुळं आणि नारळ सोडून जवळजवळ सगळं बोटीने येतं. निम्मं बजेट विमानांतच जातं. व्हिला आणि लुगनविलला एटीएम आहेत, बाकी बेटांवर कॅशच धरून चला, आणि ती छोट्या नोटांत, कारण गावात सुट्टे नसतात. ब्लू होल वगैरे ठिकाणी माणशी ५०० ते १००० वातू, ज्वालामुखीची फी त्याहून कितीतरी जास्त, आम्ही ती आधीच पॅकेजमध्ये धरतो. बाजारात घासाघीस करायची नाही. सांगितलेला भाव तोच भाव, पटला नाही तर हसून पुढे जायचं.

टिप द्यायची का? मुलांना चॉकलेटं वाटली तर?

टिप नाही. कास्टममध्ये दिलेल्या भेटीची परतफेड करावी लागते, त्यामुळे तुम्ही हातात पैसे कोंबले की समोरचा माणूस अवघडतो, आता याला मी परत काय देऊ. रस्त्यात मुलांना चॉकलेटं, पैसे तर नकोच. वह्या, पेन्सिली, खेळायचा बॉल असं आणलंत तर शाळेच्या मास्तरांच्या हातात द्या. मागच्या वेळी आमच्या ग्रुपने चेंडू आणि पंप नेला होता, चेंडूपेक्षा पंपाचा आनंद जास्त झाला होता.

भाषेचं कसं?

बिस्लामा, इंग्रजी आणि फ्रेंच या तीन सरकारी भाषा. बिस्लामा इंग्रजी शब्दांतून झालीय पण व्याकरण तिथलं. गंमत म्हणजे 'मी'ला मीच म्हणतात! "नेम ब्लॉंग मी सुनीता", "मी कम लॉंग इंडिया", एवढं म्हटलंत की अख्खं गाव हसून जवळ येतं. टँक्यू टुमास म्हणजे खूप आभार, लुकिम यू म्हणजे भेटूच, हामास म्हणजे केवढ्याला. राष्ट्रगीताचं नाव 'युमी, युमी, युमी', युमी म्हणजे आपण, बोलणारा आणि ऐकणारा दोघं धरून. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं आहे ना, अगदी तेच, इंग्रजीत ते नाही पण यांनी ते करून घेतलं.

कपडे आणि फोटो?

बीचचे कपडे बीचवरच. गावात बायकांनी गुडघ्याखाली जाईल असं काहीतरी, पातळ कॉटनचा कुर्ता उत्तम. फोटोआधी विचारा. रविवारी सगळं बंद, लोक चर्चमध्ये, काही गावांत हे शनिवारी असतं, त्या दिवशी काही ठरवायचंच नाही. चर्चमधलं गाणं मात्र दाराशी बसून ऐका.

भूकंप, वादळं ऐकतो, मग जाणं बरोबर आहे का?

१७ डिसेंबर २०२४ ला पोर्ट व्हिलाजवळ ७.३ चा भूकंप झाला, माणसं गेली, गावाचा मधला भाग कित्येक महिने बंद होता. मार्च २०१५ चं पॅम वादळ, एप्रिल २०२० चं हॅरॉल्ड, मार्च २०२३ मध्ये तर एकाच आठवड्यात दोन वादळं. हे मी लपवत नाही. जमीन हलली आणि तुम्ही किनाऱ्याजवळ असाल तर सायरनची वाट न बघता उंचावर चालायला लागायचं, पहिल्याच दिवशी मी हे ग्रुपला तोंडपाठ करायला लावते.

पण जाऊ नये असं मला वाटत नाही. आमच्या गाईडच्या बहिणीचं दुकान भूकंपात गेलं, आणि त्या वर्षी पाहुणे आले असते तर बंगलोच्या उत्पन्नावर तरी घर चाललं असतं, पण बुकिंग रद्द होत गेली. या लोकांनी जगाला फारसा धूर दिलेला नाही आणि समुद्र मात्र त्यांच्या अंगणात येतोय. पोर्ट व्हिलात शिकणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली हवामानबदलाबद्दलची मोहीम वानुआतू सरकारने उचलली आणि थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेली, २३ जुलै २०२५ ला त्या न्यायालयाने सांगितलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. एवढ्याशा देशाने हे केलं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

तब्येतीचं काय? आजी-आजोबांना आणता येईल?

काही बेटांवर मलेरिया आहे, डेंग्यूही होतो. निघायच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना दाखवा, संध्याकाळी फुल बाह्या, मच्छरांचं क्रीम. प्रवाळाने खरचटलं तर लगेच धुऊन अँटिसेप्टिक लावा, उष्ण हवेत ती जखम फार पटकन चिघळते. मोठ्या आजारासाठी विमानाने बाहेरच न्यावं लागतं, त्यामुळे इन्शुरन्समध्ये ते स्पष्ट लिहिलेलं हवं, त्याशिवाय मी कुणालाच घेत नाही. आजी-आजोबा चालते-फिरते असतील तर व्हिला आणि सांतो आरामात होतं. लहान मुलांना व्हिलाजवळ पाण्याखालचं पोस्ट ऑफिस आहे ते फार आवडतं, वॉटरप्रूफ कार्ड लिहून खरंच टपालात टाकता येतं.

फराळ नेता येईल का?

विमानतळावर खाण्याचं सगळं डिक्लेअर करायचं, हे लपवू नका. पॅकबंद, कोरडं चालून जातं, बिया, ताजी फळं, मध, मटण-अंडी घरीच ठेवा. आणि बेटांमधल्या विमानात सामान अगदी थोडं चालतं, बॅगेबरोबर आपलंही वजन करतात, सगळ्यांचंच करतात तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. मोठी बॅग व्हिलाच्या हॉटेलात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, कापडी न्या.

नेट, चार्जर?

व्होडाफोन किंवा डिजिसेलचं सिम व्हिलाच्या एअरपोर्टवर किंवा गावात मिळतं. पिन ऑस्ट्रेलियासारखी तिरकी. गावात नेट येतं-जातं, घरी तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर काळजी करतात.

येताना काय आणावं?

शंख, प्रवाळ उचलायचं नाही. व्हिलाच्या बाजारात बायका बसतात, सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणजे आई. त्यांच्याकडून विणलेल्या टोपल्या-पिशव्या घ्या. पँडानस म्हणजे आपल्या केवड्याच्या जातीच्याच झाडाच्या पात्या वाळवून, रंगवून विणतात, आणि विण बघून कुठल्या बेटाची ते तिथली माणसं ओळखतात. मी आईला एक नेली होती, पेंटेकॉस्टची, लाल नक्षीची. ती शोकेसमध्ये ठेवेल असं वाटलं होतं, पण ती चिपळूणच्या मंडईत रोज तीच घेऊन जाते, आणि पाच वर्षांत एक धागा सुटलेला नाही.